एकाच पाळीचे दोन पगार

प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या कंत्राटी परिचारिका समान वेतन मागू लागल्या की त्यांना पाच ठरलेली उत्तरे मिळतात. करारावर सही करताना मानधनाचा आकडा वाचला नव्हता का? कायम परिचारिका परीक्षा देऊन आल्या, तुम्ही कुठे दिलीत? राष्ट्रीय आरोग्य अभियान केंद्राचे, योजना तात्पुरती, मग राज्याने भार का उचलावा? तिजोरीत पैसा आहे कुठे? आणि शेवटी, आवाज जरा मऊ करून, रुग्णसेवा हे व्रत आहे, त्याचा हिशेब पैशांत करू नये. मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत आणि संपाच्या काळात चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही हीच उत्तरे ऐकू येतात. ऐकताना ती वाजवी वाटतात आणि त्यामुळेच इतकी वर्षे खपली आहेत. मावळ तालुक्यात या परिचारिका प्रत्यक्ष काय काम करतात ते समोर ठेवले, तर त्यातले एकही उत्तर टिकत नाही.

तेव्हा आधी काम पाहू.

मुंबईहून येणाऱ्या पर्यटकाचा मावळ भुशी धरणापाशी सुरू होतो आणि कार्ल्याच्या एकवीरेपाशी संपतो. तालुका त्याहून कितीतरी मोठा आहे. २०११च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या पावणेचार लाखांवर गेली होती. लोहमार्ग आणि महामार्गाच्या पट्ट्यात तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा ही वाढती गावे आहेत. पण उत्तरेला आंदर मावळ आणि नाणे मावळ, दक्षिणेला पवन मावळ अशी डोंगरांत शिरलेली खोरी आहेत, आणि त्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओढे फुगले की मुख्य रस्ता डोळ्यांना दिसत असूनही वाडी तुटते. टाकवे बुद्रुक, खडकाळा, कार्ला, येळसे, आढले इथली प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांच्याखालची उपकेंद्रे आणि कान्हे फाट्यावरचे सरकारी रुग्णालय एवढ्याच्या आधाराने या खोऱ्यांतली बाळंतपणे, सर्पदंश, ताप आणि लसीकरण पार पडते.

आरोग्य केंद्रातल्या रात्रपाळीला लेबर रूमची जबाबदारी परिचारिकेवर असते. कळा घेणारी बाई आली की रक्तदाब घ्यायचा, बाळाचे ठोके ऐकायचे, दर काही वेळाने पार्टोग्राफवर प्रगती नोंदवायची. बाळ आडवे वाटले, पाणी हिरवे दिसले किंवा रक्तस्राव थांबेना, तर डॉक्टरांना उठवायचे, इंजेक्शन सुरू करायचे, १०८ ला फोन लावायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाईला धरून ठेवायचे. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचे काम याहून वेगळे आहे, पण हलके मुळीच नाही. गरोदर मातेची बाराव्या आठवड्याच्या आत नोंद, हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या, जोखमीच्या मातेचा पाठपुरावा, व्हॅक्सीन कॅरिअर खांद्याला लावून वाडीवरचे लसीकरण सत्र, क्षयरुग्णाच्या गोळ्या, तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर, आणि दिवस संपल्यावर ह्या सगळ्याची ऑनलाइन नोंद. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा त्यांतली गरोदर बाई कुठल्या भट्टीवर आहे आणि तिच्या मोठ्या मुलाचा गोवर-रुबेलाचा डोस राहिला आहे का, हे शोधणारीही तीच असते.

हे काम करणाऱ्या परिचारिका राज्यभर दोन प्रकारच्या आहेत, एक कायम आणि दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी. दोघींनी त्याच अभ्यासक्रमाची परीक्षा दिलेली असते. दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. ड्युटीच्या तक्त्यावर दोघींची नावे एकाखाली एक असतात. कंत्राटी परिचारिकेच्या पाळीला आलेली बाळंतीण अर्धी काळजी मागत नाही, आणि तिच्या हातून चूक झाली तर चौकशी अधिकारीही अर्धी जबाबदारी लावत नाही.

आता पगार. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात कायम अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि आरोग्य सेविकेचे (एएनएमचे) २५,५०० पासून. त्यावर महागाई भत्ता. तो जानेवारी २०२४ पासून पन्नास टक्के झाला आणि नंतर आणखी वाढला. पन्नास टक्केच धरला तरी अधिपरिचारिकेचे पहिल्या दिवसाचे वेतन ५३,१०० आणि सेविकेचे ३८,२५० होते. घरभाडे, प्रवास, निवृत्तीची तरतूद हे सगळे वेगळे. अभियानाच्या गेल्या काही वर्षांतल्या भरतीच्या जाहिरातींत कंत्राटी स्टाफ नर्सचे मासिक मानधन २०,००० आहे आणि एएनएमचे १८,०००. म्हणजे एकाच पाळीत, एकाच टेबलाशी बसलेल्या दोन स्टाफ नर्सपैकी एकीला रुपया मिळतो तेव्हा दुसरीला चाळीस पैसेही मिळत नाहीत. मानधनात मधूनमधून काही टक्के वाढ होते, तिचा गाजावाजाही होतो. पण वीस हजारांवर पंधरा टक्के वाढ दिली तरी ती तीन हजारांची होते. तफावत तेहतीस हजारांची आहे.

पहिले उत्तर करारावरच्या सहीचे. ज्याला करार म्हणतात त्यात दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याची मुभा असावी लागते. इथे एका बाजूला राज्य सरकार आहे. ग्रामीण भागात परिचारिकेच्या सरकारी जागा भरणारे दुसरे कोणी नाही. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे थांबवायची, त्याच कामासाठी कंत्राटाची जाहिरात काढायची, आणि कर्ज काढून नर्सिंग शिकलेली मुलगी त्या रांगेत उभी राहिली की तिची गरज हीच तिची संमती मानायची, हा न्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात नेमका हाच मुद्दा निकाली काढला. न्या. जगदीशसिंह खेहर आणि आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे यांच्या खंडपीठाने सांगितले की समान कामासाठी कमी वेतन स्वीकारणारा माणूस ते राजीखुशीने स्वीकारत नसतो; कुटुंबाच्या पोटासाठी तो स्वाभिमान बाजूला ठेवतो. कल्याणकारी राज्याने अशा स्थितीचा फायदा घेणे म्हणजे शोषण, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तात्पुरत्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्याचे काम कायम कर्मचाऱ्यासारखेच असेल, तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळालेच पाहिजे, असा तो निकाल आहे. राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदातल्या समान वेतनाच्या तत्त्वाला १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यापासून जो आधार मिळत गेला, त्याचीच ही पुढची पायरी.

या निकालातही कामाची समानता सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे, असे सरकारचे वकील सांगतात. ते खरे आहे, आणि परिचारिकांनी तो भार आनंदाने उचलावा. लेबर रूमचे रजिस्टर उघडा. कोणत्या रात्री कोणाच्या सहीने किती बाळंतपणे झाली ते तिथे लिहिलेले आहे. ड्युटीचा तक्ता आहे, लसीकरणाच्या सत्रांचे सूक्ष्म नियोजन आहे, संदर्भित केलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या आहेत. सरकारी खात्यात कामाच्या समानतेचा इतका चोख लेखी पुरावा क्वचितच सापडेल. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या कामाची तुलना करताना वाद होऊ शकतो. पार्टोग्राफची रेघ ओढणारा हात कायम की कंत्राटी, हे रेघेवरून कोणी सांगून दाखवावे.

दुसरे उत्तर परीक्षेचे, आणि ते सर्वांत जास्त बोचणारे आहे, कारण त्यात कंत्राटी परिचारिका मागच्या दाराने आली असे सूचित केले जाते. वस्तुस्थिती काय आहे? अभियानाची भरती जाहिरात देऊन होते, पात्रता परीक्षेतल्या गुणांवर यादी लागते, आरक्षण पाळले जाते. आणि ज्या स्पर्धा परीक्षेचा दाखला दिला जातो, ती घेण्याची जबाबदारी कोणाची होती? जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. लाखो उमेदवारांनी शुल्क भरले. परीक्षा झाली नाही. ती भरती अखेर रद्द झाली आणि १९,४६० जागांची नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आरोग्य विभागाने गट क आणि गट डची परीक्षा घेतली तर तिचे पेपर फुटले आणि पुण्याच्या सायबर पोलिसांनी खुद्द खात्यातल्या माणसांना अटक केली. या चार-साडेचार वर्षांत करोनाची साथ येऊन गेली आणि ती कंत्राटी हातांनी पेलली. ज्या राज्याला परीक्षा घेता आली नाही, त्या राज्याने परिचारिकेला "तू परीक्षा दिली नाहीस" असे ऐकवावे, यासारखा अन्याय नाही.

शिवाय परीक्षेचा प्रश्न हा नेमणुकीचा प्रश्न आहे, वेतनाचा नाही, आणि या संपूर्ण वादात हीच गल्लत सर्वांत महाग पडली आहे. कायम करणे ही एक मागणी. समान वेतन ही दुसरी. कायम करण्याला घटनात्मक अडचणी आहेत: मंजूर पद हवे, आरक्षणाची बिंदुनामावली हवी, खुल्या स्पर्धेतल्या इतर उमेदवारांचा हक्कही पाहावा लागतो. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार सरकार प्रत्येक वेळी याच ठिकाणी घेते. पण त्याच उमादेवी निकालात न्यायालयाने कर्नाटकातल्या विक्रीकर खात्याच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांना कायम करण्यास नकार देतानाच, त्यांना त्या संवर्गातले किमान वेतन द्यायला सांगितले होते. निकालाचा हा भाग सरकारी उत्तरांत कधी येत नाही. कायम होणे लांबले तरी समान वेतन थांबत नाही, हे ज्या निकालाने सांगितले, त्याच निकालाची ढाल करून दोन्ही थांबवले गेले.

१४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाकडे या नजरेने पाहायला हवे. दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानातल्या कर्मचाऱ्यांचे टप्प्याटप्प्याने कायम सेवेत समायोजन करण्याचा तो निर्णय २०२३ च्या दीर्घ संपातून आला. त्याची अंमलबजावणी रखडली म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा बेमुदत संप करावा लागला. समायोजन व्हावे, लवकर व्हावे, यात शंका नाही. पण हा निर्णय तंतोतंत पाळला गेला तरी नाणे मावळातल्या उपकेंद्रावर तिसऱ्या वर्षात असलेल्या सेविकेला त्याने काय मिळते? आणखी सात वर्षे त्याच मानधनावर वाट पाहण्याची परवानगी. संघटनांनाही माझे आवाहन आहे: समान वेतनाची मागणी समायोजनाच्या मागणीला बांधून ठेवू नका. समायोजनाला वेळ लागतो हे मान्य करूनही समान वेतन आजच मागता येते, आणि त्या मागणीला नकार देण्यासाठी सरकारकडे बिंदुनामावलीचे कारण उरत नाही.

तिसरे उत्तर योजनेच्या तात्पुरतेपणाचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. त्या वर्षी अभियानातल्या सेविकेने जिला बीसीजी टोचली ती मुलगी आज वीस ओलांडून गेली आहे आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची नोंद त्याच उपकेंद्रात होते आहे. दोन पिढ्यांना पुरलेली योजना तात्पुरती कशी? २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, १ मे २०२३ रोजी राज्यभर तीनशेहून अधिक ठिकाणी 'आपला दवाखाना' सुरू झाला. फलक बदलतात, रंग बदलतात, उद्घाटने होतात, आणि प्रत्येक नव्या फलकाखाली पुन्हा कंत्राटी परिचारिका नेमली जाते. सेवा कायमची हवी आणि सेविका तात्पुरती, असे धोरण सरकारने उघडपणे मांडून तरी दाखवावे.

केंद्राकडे बोट दाखवण्यातही अर्थ नाही. अभियानाच्या खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. अभियानाचा आराखडा राज्यच तयार करून पाठवते, आणि त्यावर स्वतःच्या निधीतून भर घालायला राज्याला कोणी अडवलेले नाही. अभियानातच समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पंचवीस हजार मानधन आणि कामावर आधारित पंधरा हजारांपर्यंतचा मोबदला ठरवला गेला. त्या पदाचे मोल ओळखले गेले, तेव्हा पैशाची वाट सापडली. त्याच उपकेंद्रात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एएनएमसाठी मात्र ती सापडत नाही.

कामावर आधारित मोबदल्याबद्दलही बोलायला हवे, कारण समान वेतनाऐवजी तोच पुढे केला जाण्याचा धोका आहे. हा मोबदला नोंदींवर मोजला जातो, आणि नोंद नेटवर्कवर अवलंबून असते. आंदर मावळाच्या टोकाला ज्या वाडीत मोबाइलला रेंज मिळत नाही तिथे दिवसभर चाललेली सेविका संध्याकाळी आकड्यांत मागे पडते आणि महामार्गालगतच्या उपकेंद्रातली पुढे जाते. जिथे पोहोचणे सर्वांत कठीण, तिथे मोबदला सर्वांत कमी, असा उलटा हिशेब त्यातून होतो. प्रोत्साहन भत्ता पूर्ण वेतनावर द्यावा, वेतनाच्या जागी नको.

चौथे उत्तर तिजोरीचे. इथे आकडेमोड करूनच बोलू. सपाट प्रदेशाच्या निकषाप्रमाणे एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे तीस हजार लोकसंख्या आणि पाच-पाच हजारांची सहा उपकेंद्रे. केंद्रात तीन कंत्राटी स्टाफ नर्स धरा आणि प्रत्येक उपकेंद्रात एक कंत्राटी एएनएम. महागाई भत्ता वरच्याप्रमाणे पन्नास टक्केच धरला, तर स्टाफ नर्सची तफावत महिन्याला ३३,१०० रुपये. तिघींची वर्षाला सुमारे १२ लाख. एएनएमची तफावत महिन्याला २०,२५०. सहाजणींची वर्षाला सुमारे साडेचौदा लाख. दोन्ही मिळून साडेसव्वीस लाख, म्हणजे माणशी वर्षाला नव्वद रुपयांच्या आत. डोंगरी भागाचा निकष, म्हणजे केंद्राला वीस हजार आणि उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्या, लावला तरी आकडा माणशी दीडशेच्या आत राहतो. या पैशांत लोणावळ्यात चिक्कीचा एक डबा येतो. आपल्या वाडीवरच्या परिचारिकेला तिच्या कामाचे पूर्ण मोल देण्याची किंमत वर्षाला माणशी एवढी आहे. राज्याला ती झेपत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते, आणि आरोग्यावरच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा प्राथमिक सेवेला द्यायला सांगितले होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेला महाराष्ट्र त्या आठ टक्क्यांच्या बराच खाली राहिला आहे. तेव्हा पैसा नाही असे म्हणू नये. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरले आहे आणि त्या यादीत परिचारिका तळाशी आहे, असे म्हणावे.

सरकार खासगी रुग्णालयांना काय सांगते तेही पाहण्यासारखे आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला सांगितली. त्या समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात तो फार तर दहा टक्के कमी असावा, पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहानात लहान दवाखान्यातही वीस हजारांहून कमी नसावा. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे अंमलबजावणीसाठी पाठवल्या. केरळने परिचारिकांच्या मोठ्या आंदोलनानंतर एप्रिल २०१८ मध्ये वीस हजारांचे किमान वेतन अधिसूचितही केले. म्हणजे २०१६ साली सर्वांत छोट्या खासगी दवाखान्यासाठी जो तळाचा आकडा ठरला, तोच आकडा आपले सरकार स्वतःच्या स्टाफ नर्सला इतक्या वर्षांनंतर देते आहे, आणि एएनएमला त्याच्याही खाली ठेवते आहे. खासगी मालकाने शोषण करू नये म्हणून जी रेषा आखली, तिच्या खाली सरकार स्वतः उभे आहे.

प्राथमिक सेवेतल्या परिचारिकेला रुग्णालयातल्या परिचारिकेहून कमी लेखण्याची ही सवय फक्त आपल्याकडची नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांचे पगार वाढले आणि सरकारी निधीवरच बऱ्याच अंशी चालणाऱ्या वस्त्यांमधल्या दवाखान्यांतल्या परिचारिका मागे राहिल्या, कारण दवाखान्यांना निधी वेगळ्या वाटेने जातो. त्या परिचारिकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभर काम बंद ठेवून तोच प्रश्न विचारला जो आपल्याकडे विचारला जातो: नोंदणी एक, कौशल्य एक, मग निधीची वाट वेगळी म्हणून पगार वेगळा का? निधी कोणत्या खात्यातून येतो ही प्रशासनाची सोय आहे. तिचा भुर्दंड काम करणाऱ्याने का सोसावा?

राहिले पाचवे उत्तर, सेवाव्रताचे. पुण्यात १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी तो मार्ग स्वतः निवडला होता. त्यागाचा मोठेपणा त्या निवडीत असतो. दुसऱ्याने तुमच्या वेतनातून कापून घेतलेला पैसा त्याग होत नाही. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या, ३ मे ला रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली. त्याच महिन्यांत नेमलेल्या परिचारिकांना तीन-तीन महिन्यांचे आदेश मिळत होते. डॉक्टरांना, अभियंत्यांना, तहसीलदारांना कोणी व्रताची आठवण करून देऊन पगार कमी घ्यायला सांगत नाही. परिचारिका बहुतेक बाया असतात, आणि बाईने काळजी घेणे हा तिचा स्वभावच, त्याला मोल कसले, या घरातल्या समजुतीला सरकारी आदेशाचा शिक्का मिळालेला आहे. या परिचारिकांपैकी कित्येकींच्या एकटीच्या कमाईवर घर चालते. त्यांच्या घरी वाणसामान, मुलांची फी आणि कामशेत-तळेगावचे चढते भाडे व्रताच्या दराने आकारले जात नाही.

एक सहावे उत्तरही कधीकधी येते, थोडे दबक्या आवाजात: या पगारात काम करायला मुली मिळतात, मग वाढवायचा कशाला? मिळतात हे खरे. टिकत नाहीत, हे त्याच्या पुढचे वाक्य आहे. पाणी उताराकडे धावते तसे कौशल्य पगाराकडे धावते, आणि मावळाला हे नव्याने सांगायला नको. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. पवन मावळात अनुभव घेतलेली परिचारिकाही त्याच दिशेने जाते. सोमाटणे, तळेगाव, पिंपरी, पुणे इथली खासगी रुग्णालये लोकलच्या अंतरावर आहेत. सुरक्षित बाळंतपणाचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण सरकारने द्यायचे, वर्ष-दोन वर्षांत हात बसायचा, वाडीवाडीच्या बायकांची ओळख व्हायची, आणि तेवढ्यात तिने सोडून जायचे. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीला कोणती माता आधीच्या खेपेला रक्तस्रावाने मरता मरता वाचली होती, कोणत्या घरात सासू इंजेक्शनला विरोध करते, कोणत्या भट्टीचा मुकादम फोन उचलतो, हे पुन्हा शून्यातून शिकावे लागते. ही माहिती कोणत्याही ॲपमध्ये भरलेली नसते. ज्या बाईचे चौथ्या महिन्यापासून एकाच सेविकेने ऐकून घेतले आहे, ती आठव्या महिन्यात पाय सुजल्याचे तिला वेळेवर सांगते. अनोळखी मुलीला सांगत नाही. कमी पगाराने जी बचत झालेली दिसते तिची किंमत वाडीवरची बाळंतीण भरते, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदली जात नाही.

कायम परिचारिकांनीही या लढ्यात तटस्थ राहू नये. कंत्राटी सहकारी अर्ध्याहून कमी पैशांत तेच काम करते, तोवर कायम पद रिकामे झाल्यावर ते कायम स्वरूपात भरण्याची घाई कोणत्याही सरकारला वाटणार नाही. वेतन समान झाले तर कंत्राटाचे सारे आकर्षण संपते, आणि मग कायम भरतीचा मार्ग आपोआप मोकळा होतो. २० ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारला बाह्य कंपन्यांमार्फतच्या कंत्राटी भरतीचा निर्णय लोकांच्या रोषामुळे मागे घ्यावा लागला. पाचच दिवसांनी अभियानातले कर्मचारी संपावर गेले. कंत्राटी पद्धत चुकीची आहे हे एका आठवड्यात मान्य करून दुसऱ्या आठवड्यात स्वतःच चालवलेल्या कंत्राटाकडे डोळेझाक करता येणार नाही.

माझी मागणी चार वाक्यांत मावते. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आपला दवाखाना आणि नगरपरिषदांचे दवाखाने इथे सरकारी पैशाने नेमलेल्या प्रत्येक परिचारिकेला त्या पदाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळावे. महागाई कंत्राट पाहून वाढत नाही, म्हणून त्यावर महागाई भत्ताही मिळावा. हा निर्णय समायोजनाची वाट न पाहता, अभियानाच्या पुढच्याच आराखड्यात तरतूद करून घ्यावा आणि केंद्राचा वाटा अपुरा पडला तर राज्याने स्वतःच्या निधीतून भर घालावी. आणि मावळातल्या जिल्हा परिषद सदस्यांनी, नगरसेवकांनी, आमदार-खासदारांनी नव्या इमारतीचे भूमिपूजन करण्याआधी त्या इमारतीत रात्री जागणाऱ्या परिचारिकेला काय मिळणार आहे, हे जाहीर सभेत सांगावे.

या मागणीला नकार द्यायचा असेल तर सरकारने तो कामाच्या आधारावर द्यावा: कंत्राटी परिचारिका कायम परिचारिकेपेक्षा नेमके काय कमी करते, ते तिच्याच रजिस्टरातून दाखवावे. दाखवता येत नसेल तर फरक द्यावा.